कूळ, भूक आणि मेंदू



चिचगडसारख्या गावात एखादा तरुण आठवडाभर झोपेवाचून हिंडतो, हातचा पैसा उधळतो आणि पुढे महिनाभर तोंड झाकून कोपऱ्यात पडून राहतो, तेव्हा त्याची दोनच निदाने होतात : बाहेरची बाधा, नाहीतर कुळातले वेड. पहिल्याचा प्रतिवाद पुष्कळांनी केला आहे. दुसरे विज्ञानाचा वेष घेऊन येते, म्हणून अधिक घातक. त्यापायी बहिणींची लग्ने मोडतात.

द्विध्रुवीय विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एकच जनुकसंच घेऊन जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार जडतो व दुसरा निरोगी राहतो, हेही वारंवार दिसते. जनुकांची पोथी सारखीच असली, तरी तिचे कोणते पान उघडावयाचे हे तिच्यावरील रासायनिक खुणा ठरवितात. 'मिथिल' गट ही त्यांतील प्रमुख खूण. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात छिन्नमनस्कता व द्विध्रुवीय विकार असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूच्या अग्रभागातील चेतापेशी तपासल्या गेल्या. 'आयजीएफ-2' या जनुकातील एका नियंत्रक भागावर ही खूण कमी आढळली. डोपामिन घडविणाऱ्या विकराचे वाढलेले प्रमाण तिच्याशी निगडित होते.

हेच जनुक 2008 मध्येही पुढे आले होते. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या रक्तात साठ वर्षांनंतरही याच जनुकाच्या दुसऱ्या भागावरील खुणा घटलेल्या होत्या. भुकेची नोंद पेशी ठेवतात ती अशी. अर्थात रक्त म्हणजे मेंदू नव्हे. आणि मृताच्या मेंदूतील खूण आजाराचे कारण, परिणाम की औषधाचा प्रभाव, हे अद्याप ठरावयाचे आहे.

उपचार मात्र त्या निर्णयासाठी थांबलेले नाहीत. 1949 पासून लिथियम ज्ञात आहे. तरीही 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत या विकाराचे सुमारे 70 टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. (पाहणीच्या बारा राज्यांत शेजारचे छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता!) लिथियम घेणाऱ्याचे रक्त वेळोवेळी तपासावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना घाम वाहून शरीरातील पाणी व मीठ घटले, की हेच औषध विषारी पातळी गाठू शकते. 2017 च्या कायद्याने सरकारी रुग्णालयांतून आवश्यक औषधे विनामूल्य देण्याचे बंधन घातले. पण गोळी मोफत देऊन रक्त तपासण्यासाठी गोंदिया-नागपूरची वाट दाखविणे, म्हणजे ऐन हंगामात त्या मजुराची मजुरी बुडविणे होय.