दाखला आणि हक्क
(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



समाजकल्याणाचे दोन विचारप्रवाह आहेत. उदारमतवादी विचारानुसार ज्यास परवडते त्याने स्वतः खर्च करावा. गरज सिद्ध करणाऱ्यास शासनाने साहाय्य द्यावे. अमेरिकेची १९६५ ची मेडिकेड योजना या वळणाची. सामाजिक लोकशाहीवादी विचार उपचारास नागरिकाचा हक्क मानतो. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यतः करांतून चालते. दाखल करताना ती रुग्णाचे उत्पन्न विचारीत नाही.

आम्ही या दोहोंच्या मध्ये उभे आहोत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागावा लागतो. तो मागताना समोरच्याची मान खाली जाते, हे आम्ही नित्य पाहतो. परंतु पडताळणीवाचून मर्यादित निधी योग्य हाती पोहोचत नाही, हेही ताळेबंद शिकवितो.

म्हणून तातडीच्या प्रसंगी आधी उपचार, मग कागद, हा नियम आम्ही पाळतो. ज्यांचे कागद अखेरपर्यंत अपुरेच राहतात, त्यांचा भार आपल्या देणगीने उचलावा, ही नम्र विनंती.