चर्चचे सभागृह, विहाराचे सभागृह आणि योगाचा वर्ग

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झालं. तेव्हा पंडिती भाषणाची अपेक्षा ठेवू नका. आज आम्ही एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. ख्रिस्ती बांधवांनी आपल्या चर्चच्या सभागृहात योगाचे वर्ग भरू द्यावेत काय?

तुम्ही म्हणाल, चर्चचं काय ते चर्चवाले पाहतील, आपल्याला काहून पंचाईत? पण बांधवहो, हाच प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे. आपलं सभागृह रोज सकाळी सहा ते सात योगवर्गासाठी भाड्याने मागितलं आहे. महिला मंडळ म्हणतं, द्या. तरुण म्हणतात, हा ब्राह्मणी धर्माचा मागच्या दारानं शिरकाव आहे, देऊ नका. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. म्हणून ज्यांच्यापुढे हा प्रश्न आपल्या आधी आला, त्यांनी काय केलं ते पाहू.

ख्रिस्ती समाज आपल्या जिल्ह्याला परका नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांची मोठी धर्मशिक्षण संस्था १९५३ पासून १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळातच होती, मग ती पुण्याला गेली. या समाजात योगाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमधल्या टाँटन गावात २००७ साली दोन चर्चनी लहान मुलांच्या योगवर्गाला सभागृह नाकारलं. योगाचं मूळ दुसऱ्या धर्मात आहे, हे त्यांचं कारण. २०१८ साली केरळातल्या सिरो-मलबार चर्चच्या धर्मसिद्धांत आयोगानेही योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नाही, असा अभिप्राय दिला.

आता दुसरी बाजू. मुंबईचे फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. दारू आणि गर्द यांच्या विळख्यात सापडलेल्या माणसांना ते आसनं शिकवतात. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चर्चच्या आवारात योग झाला म्हणून तिथला क्रूस खाली पडला नाही, आणि कितीतरी घरांना आधार मिळाला.

खुद्द व्हॅटिकनने १९८९ साली या विषयावर पत्र काढलं. त्याचा मथितार्थ असा, की दुसऱ्या धर्मांच्या पद्धतीत जे उपयोगी आहे ते घ्यायला हरकत नाही, पण आपल्या प्रार्थनेचा गाभा हरवता कामा नये. आणि शरीराला बरं वाटलं म्हणजे आत्म्याची उन्नती झाली, असं समजू नये. आपण आत्मा मानत नाही, हा भाग सोडा. पण घ्यायचं काय आणि ठेवायचं काय, हे ठरवण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे.

मग योगात नेमकं आहे तरी काय? आम्ही त्याचे तीन भाग करतो. पहिला भाग शरीराचा. वाकणं, ताणणं, श्वास सावकाश घेणं. याला धर्म नाही. श्वास ब्राह्मणाचा वेगळा अन् आपला वेगळा नसतो. दुसरा भाग श्रद्धेचा. पतंजलीच्या नियमांत ईश्वरप्रणिधान आहे, म्हणजे ईश्वराला शरण जाणं. सूर्यनमस्कारात सूर्याची नावं घेऊन त्याला नमन आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून मोठा प्रचार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांत तो आणला. व्यायाम चांगला, यात वाद नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आईबापांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवदेवतांची उपासना करणार नाही, हे त्यांनी बाबासाहेबांच्या साक्षीने ठरवलं. मग त्यांची लेकरं विहारात सूर्याला नमः म्हणतील काय? नाही म्हणणार. तिसरा भाग राजकारणाचा. त्याबद्दल सांगतो.

२१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. तो दिवस रविवार होता. ईशान्य भारतातले ख्रिस्ती म्हणाले, हा आमचा प्रार्थनेचा दिवस, नेमका हाच का? मुस्लिम संघटनांनी सूर्यनमस्कारावर हरकत घेतली, आणि सरकारने त्या दिवसाच्या सामायिक कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळला. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, योगातून श्रद्धेचा भाग वेगळा काढता येतो. तो सरकारनेच काढून दाखवला. दोन, तो आपोआप निघत नाही, कोणीतरी विचारावं लागतं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी होती. २०२१ साली ती उठवली, पण मंत्र नको, नमस्ते म्हणणं नको, आसनांची नावं इंग्रजीत घ्या, अशा अटी घातल्या. तिथं ‘नमस्ते’ शब्दाचीसुद्धा भीती! इतकं घाबरायचं कारण नाही.

तरुण मित्रांनो, तुमचा राग आम्हाला समजतो. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा उघडून पाहा. बाबासाहेबांनी त्यात लिहिलं आहे, की सिद्धार्थ गौतम आलार कालामाकडे गेला, सांख्य शिकला, ध्यानाची पद्धत शिकला. उद्दक रामपुत्ताकडे त्याच्या पुढची पायरी शिकला. मगधात श्वास कोंडून धरण्याची रीत होती, तीही करून पाहिली. शिकायला तो लाजला नाही, आणि शिकला म्हणून तिथेच थांबलाही नाही. जे कसाला उतरलं ते ठेवलं, उरलेलं सोडलं. हा आपला वारसा आहे. दार लावून बसणं हा आपला वारसा नाही, अन् आलं ते डोळे मिटून घेणं हाही नाही.

काही जण म्हणतात, कष्टकऱ्याला योग कशाला? दिवसभर राबतो तोच व्यायाम. हे साफ चूक आहे. आम्ही रिंगफ्रेमवर आठ आठ तास उभे राहून तुटलेले धागे सांधले आहेत. पोटऱ्या दगडासारख्या होतात. कापसाची धूळ छातीत बसते, पायऱ्या चढताना दम लागतो. आपल्या बाया दिवसभर वाकून निंदण करतात, कापूस वेचतात, मग घरी चुलीपुढे पुन्हा वाकतात. एकाच बाजूनं रोज झिजणं म्हणजे व्यायाम नव्हे. महिला मंडळातल्या एका बाईनं सभेत सांगितलं, “भाऊ, तुमचा वाद चालू द्या, पण माही कंबर सरळ व्हाची वाट पाहून राह्यली.” या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय आपल्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही.

आता कायद्याचं. संविधानाच्या २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे. म्हणून चर्चने योगवर्गाला नाही म्हटलं तर तो त्यांचा हक्क, हो म्हटलं तरी त्यांचाच. बाहेरच्याने त्यांना देशद्रोही म्हणू नये. सरकारी शाळेचं सभागृह वेगळं. २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिथे मंत्र म्हणवले तर विचारण्याचा हक्क सर्वांना आहे. चर्चचा आणि आपला मुद्दा एकच आहे: जागा आमची, तर अटीही आमच्या.

आणि ही जागा कशी उभी राहिली, ते नव्या पिढीने ऐकावं. एके काळी लग्नासाठी, सभेसाठी आपल्याला कोणी जागा देत नसे. तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या, अन् ऐन वेळी ‘मिळणार नाही’ असा निरोप. म्हणून गिरणीतल्या पगारातून, शेतमजुरीतून दर महिन्याला वर्गणी काढून ह्या विटा रचल्या. ज्यांना जागा नाकारली गेली, त्यांनी नुसत्या नावावरून दुसऱ्याला जागा नाकारू नये.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. चर्चने वर्ग भरू द्यावा, आपणही भरू द्यावा, पण लेखी अटींवर. आपल्या अटी अशा असाव्यात:

१. मंत्र, ओंकार, सूर्याला वा कोणत्याही देवाला नमन होणार नाही. आसनं मराठीतून समजावून सांगावीत.

२. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो जागच्या जागी राहील. दुसरी कोणतीही तसबीर लागणार नाही.

३. मुलांची अभ्यासिका, रविवारची वंदना, पौर्णिमा आणि वर्षावासाचे कार्यक्रम आधी. वर्ग नंतर.

४. वस्तीतल्या बायांकडून फी घेऊ नये, भाड्यात तेवढी सूट द्यावी. वर्गात कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला मज्जाव नसावा.

५. बीपी, शुगरच्या गोळ्या सोडा, असं शिकवणाऱ्याने सांगायचं नाही. दुखणं डॉक्टरला दाखवायचं.

६. करार एक वर्षाचा. वर्षानंतर वर्ग चालू ठेवायचा की नाही, ते महिला मंडळ ठरवील, कारण चटईवर त्या बसणार आहेत.

शिकवणाऱ्याला या अटी मान्य असतील, तर तो व्यायाम शिकवायला आला आहे असं समजू आणि त्याचं स्वागत करू. मान्य नसतील, तर त्याला दुसरंच काही शिकवायचं आहे. मग नमस्कार करून निरोप देऊ, भांडण करायचं कारण नाही.

कार्यकारिणीने येत्या बैठकीत या अटींवर मत घ्यावं, आणि त्या बैठकीला महिला मंडळाला बोलवावं, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. 

जयभीम! नमो बुद्धाय! भवतु सब्ब मंगलं!