भोवरा पाहू नका, खूर पाहा
(कल्याण येथे शेतकरी व धनगर मंडळींपुढे केलेले भाषण)



दिवाळी सरली की घाटावरचे धनगर बंधू मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. कापणी झालेल्या भातशेतात मेंढरे बसतात. कुणब्याला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैका. या बिऱ्हाडाचा सारा संसार, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकते जन्मलेले कोकरू, हे कोणाच्या पाठीवर येते? भीमथडी तट्टाच्या! याच तट्टावर बसून मराठ्यांनी मुलूखगिरी केली. पुढे त्याला क्षुद्र म्हणून हिणविले गेले. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. नोंद झाली हे ठीक. पण जात टिकते ती पाळणाऱ्याच्या हातून.

आता घोडेबाजारात काय चालते ते पाहा. दलाल रुमालाखाली बोटे दाबतो आणि म्हणतो, "अहो, हा भोवरा धन्याला खातो!" झाले! चांगली घोडी मातीमोल जाते. आम्ही विचारतो, भोवरा म्हणजे काय? केस वळण्याची जागा. तुमच्या पोराच्या डोक्यावरही तो आहे. म्हणून पोर कोणी विकतो काय? मग पोथीतल्या खोडीपायी कष्टाचा पैसा का घालवावा?

पाहायचे ते दात, खूर आणि पाठ. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांनी जोडीजोडीने पडतात. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. एवढे घरच्या बाईमाणसालाही कळले, तर वयाची लबाडी चालणार नाही. खूर उचलून हुंगा. घाण वास आला तर आत कुजते आहे. पाठीवरून हात फिरवा. जुनी जखम लपत नाही.

घरी आणल्यावर तीन गोष्टी पाळा. पहिली, ओझे. १९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलोहून अधिक लादू नये. सलग ५ तासांपेक्षा जास्त हाकू नये. दुसरी, चारा. घोड्याला ओकता येत नाही. बुरसलेला पेंढा खाल्ला तर पोटशूळ उठून तो जिवाला मुकतो. थोडे थोडे, पुष्कळ वेळा घाला. तिसरी, जागा. आपल्या पावसाच्या चिखलात खूर सडतो. धनगर पावसाआधी घाट चढतो तो उगीच नव्हे. जे येथे बारमाही घोडे ठेवतात, त्यांनी ठाण उंच व कोरडे करावे आणि धनुर्वाताची लस चुकवू नये.

घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. म्हणून वाटेल त्या घोड्याकडे ती दाखवू नका. चांगला नर निवडा, गाभणीच्या अखेरच्या महिन्यांत ओझे उतरवा.

बंधूंनो, जनावर मुके आहे, पण आपण मुके नाही. पुढच्या बाजारात दलालाने भोवरा दाखविला, तर तुम्ही खूर उचलून दाखवा!