गंगाराम कुशाजी सुर्वे : एक कसबी कामगार, एक बाप
(बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील मराठी कामगारांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शिवाजीनगरात ही सभा भरली आहे, तेथील रसेल मार्केट १९२७ साली बांधले गेले आणि त्या काळच्या नगरपालिका आयुक्ताचे नाव त्याला मिळाले. विटा रचणाऱ्या गवंड्यांची आणि चौकटी बसविणाऱ्या सुतारांची नावे त्या भिंतींवर कोठेही नाहीत. नाव कोणाचे राहते आणि कोणाचे पुसले जाते, हा प्रश्न हाताच्या कसबावर जगणाऱ्या माणसाला परका नाही. म्हणून आज अशा एका माणसाचे स्मरण करावयाचे आहे, ज्याने इमारत बांधली नाही की सभा गाजविली नाही. त्याने लोकरीचा धागा काढला आणि एका मुलाला आपले नाव दिले.

ते म्हणजे मुंबईचे गिरणी कामगार गंगाराम कुशाजी सुर्वे. इंडिया वुलन मिलच्या स्पिनिंग खात्यात ते काम करीत. लोकरीची गिरणी म्हणजे काय, हे बंगळूरकरांना सांगावयास नको. १८८४ साली सुरू झालेल्या येथल्या बिनी मिलच्या नावातच लोकर, सूत आणि रेशीम अशी तिन्ही होती. धुतलेली, विंचरलेली लोकर साच्यावर चढते आणि पीळ खात बारीक होत जाते. ती कोठे तुटली, तर क्षणात दोन टोके बोटांच्या चिमटीत धरून सांधावी लागतात. सांधा दिसता कामा नये आणि पुढे विणताना सुटताही कामा नये. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, बोटांत होते. १९२२ च्या कायद्याने कामाचा आठवडा साठ तासांचा ठरविला होता, आणि त्या काळी ही सुधारणा समजली जात होती!

१९२६ साली गंगाराम आणि त्यांची पत्नी काशीबाई यांना गिरणगावातील रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल आढळले. त्यांनी ते उचलून घरी आणले. हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. काशीबाई स्वतः कमला मिलमध्ये राबत होत्या. प्रसूतीची रजा हा शब्द तेव्हा कायद्यात नव्हता; मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा आला तो १९२९ साली. गिरणीत जाणाऱ्या अनेक आया मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि भोंग्याच्या दिशेने धावत. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावली होती. ज्या वस्तीत पोटचे मूल जगविणे हाच झगडा होता, तेथे या जोडप्याने दुसऱ्याचे मूल उचलले.

आणि नुसते उचलले नाही. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार जन्मदात्या आईबापांनाच होता. ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत, त्याला दत्तक देणार कोण? टाकून दिलेल्या मुलाची दखल दत्तक कायद्याने घेतली ती १९६२ च्या दुरुस्तीने. जात ठाऊक नाही, कूळ ठाऊक नाही, कागद नाही, अशा त्या मुलाचे नाव गंगारामांनी नारायण ठेवले आणि त्यापुढे आपले नाव व आडनाव लावले. कायद्याच्या छत्तीस वर्षे आधी एका गिरणी कामगाराने हा निकाल देऊन टाकला होता.

मूल दुसऱ्या वर्षात असताना, १९२८ च्या एप्रिलमध्ये, मुंबईच्या सुती गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा उभा राहिला. त्या सहा महिन्यांत गिरणगावातील चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पना संप केलेल्या प्रत्येकास आहे. सुर्व्यांच्या घरातील हे मूल त्या दिवसांतून पार पडले आणि पुढे शाळेतही गेले. चौथीपर्यंत त्याचे शिक्षण झाले.

येथे एक अवघड गोष्ट येते आणि ती टाळून चालणार नाही. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणातील गावी निघून गेले. जाताना त्यांनी नारायणाच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोरगा मुंबईत एकटा उरला.

काही जण म्हणतील, हा कसला कुटुंबवत्सल बाप? प्रश्न कठोर असला तरी रास्त आहे. गौरवाच्या भरात त्याला बगल देणे म्हणजे गंगारामांना माणूस न मानता मूर्ती मानणे होय. त्या निरोपाचे समर्थन करण्याची गरज नाही, पण तो कशातून आला हे पाहिले पाहिजे. कामगारांना भविष्यनिर्वाह निधीचा कायदा मिळाला १९५२ साली, उपदानाचा १९७२ साली. त्यापूर्वी गिरणीतून बाहेर पडणाऱ्या कामगाराला कायद्याने काहीच देणे नव्हते. साच्यावर आयुष्य घालविलेल्या माणसाला मुंबईत म्हातारपण परवडत नव्हते. गावची खोपट हेच त्याचे निवृत्तिवेतन. अशा वेळी दहा रुपये ही रक्कम क्षुल्लक म्हणावयाची, की होते नव्हते त्यातील मोठा हिस्सा म्हणावयाचा? मुलाला सोडून जाणाऱ्या बापाच्या मनात काय होते, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मालकाने काय ठेवले नव्हते, हे मात्र स्पष्ट आहे.

नारायणाने घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, हमाल, गिरणी कामगार अशी कामे केली. पुढे तो पालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि नंतर त्याच शाळांत मास्तर. लाल बावट्याच्या चळवळीत तो वाढला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला १९६२ साली, म्हणजे दत्तक कायद्यात वर सांगितलेली दुरुस्ती झाली त्याच वर्षी. १९९५ साली परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्याला मिळाले, १९९८ साली पद्मश्री. १६ ऑगस्ट २०१० रोजी तो गेला.

काशीबाई जेथे राबल्या त्या कमला मिलच्या आवारात साचे उरले नाहीत. तेथे कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. २०१७ च्या डिसेंबरात तेथे आग लागून चौदा जीव गेले. बिनी मिलचेही धुराडे थंड झाले आहे.

नारायण सुर्वे मोठे झाल्यावर त्यांना दुसरे नाव घेता आले असते. कवींना टोपणनावांची कमतरता नसते. दहा रुपये देऊन गेलेल्या बापाचे नाव टाकून देण्यास कोणी दोषही दिला नसता. त्यांनी ते टाकले नाही. पुढे अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या चित्रपटाच्या शीर्षकात तीनच शब्द आहेत : नारायण गंगाराम सुर्वे.