मधला तास



बारावीचा निकाल लागला की आमच्या पालघर-बोईसरकडच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉलेज इथंच घ्यायचं की विरारच्या पुढं, मुंबईकडे जायचं? गुण, शाखा, फी हे सगळं बाजूला राहतं आणि गाडीचं वेळापत्रक पुढं येतं. जी मुलं इथं राहतात, त्यांच्यातली कितीतरी मग तीन वर्षं एकच वाक्य म्हणत असतात. "मॅडम, कॉलेज चांगलं आहे, पण जागा चुकली." शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी वर्गात ऐकलं, पुलावर ऐकलं, डहाणू लोकलच्या महिला डब्यात ऐकलं. आज दहा मिनिटं मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, कारण शेवटी घाई होते. कॉलेजच्या जागेबद्दलची मुलांची नाराजी जागेमुळे फार थोडी असते. मूल त्या आवारात लेक्चर संपल्यावर थांबतं का, आणि थांबून काय करतं, यावर ती ठरते. जे मूल काही ना काही कामात गुंततं, त्याला तीच जागा जवळची वाटू लागते. जे गुंतत नाही, त्याला ती तिसऱ्या वर्षापर्यंत लांबच राहते. स्टेशनपासूनचं अंतर दोघांना सारखंच असतं.

सफाळ्याहून येणाऱ्या एखाद्या मुलाचा दिवस बघा. पहाटे उठून डबा घेऊन स्टेशन गाठायचं. गर्दीत उभं राहून पालघर, पूल, रस्ता, वर्ग. शेवटच्या लेक्चरला बाकाखाली मोबाइल, त्यात गाड्यांच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर उघडलेलं. कारण ही गाडी गेली तर पुढची लगेच नाही. विरारपर्यंत जशी एकामागून एक गाडी मिळते तशी विरारच्या पुढं डहाणूकडे मिळत नाही, हे श्रोत्यांपैकी पासधारकांना मी काय सांगू? उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली ती 2013 साली. चौपदरीकरणाचं काम चालू आहे. तोपर्यंत आमच्या मुलांचं घड्याळ गाडीच्या हातात. तर हा मुलगा हजेरी झाली की दप्तर उचलतो आणि अर्धं धावतच स्टेशनवर जातो. तीन वर्षांत त्यानं कॉलेजचं काय पाहिलं? फाटक, जिना आणि तिसरा बाक. त्याला विचारलंत तर तो "कॉलेज लांब आहे" असंच म्हणणार, आणि त्याच्यापुरतं ते खरंही आहे. त्याच्या वाट्याला कॉलेज आलंच नाही, प्रवास तेवढा आला.

त्याच गाडीनं येणारी एक मुलगी मला आठवते. राष्ट्रीय सेवा योजनेत आली ती वाढीव दहा गुणांसाठी, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. हिवाळी शिबिरात आम्ही मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावर वनराई बंधारा घालत होतो. ज्यांनी हे काम केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात ओढ्यातलीच माती-वाळू भरायची. गोणी गच्च भरायची नाही. गच्च भरली की ती गोल होते, बसत नाही, आणि फटीतून पाणी निघून जातं. तीन-चतुर्थांश भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं, मग सांधेमोड करत थर रचायचे आणि वरच्या अंगाला चिकणमाती थापायची. या मुलीनं पहिल्या दिवशी गोण्या गच्च भरल्या. पाड्यावरच्या एका आजीनं त्या सगळ्या उसवायला लावल्या आणि शेजारी बसून पुन्हा शिववून घेतल्या. चौथ्या दिवशी पाणी अडलं आणि दुपारी गुरं प्यायला आली. त्यानंतर त्या मुलीच्या तोंडून "लांब" हा शब्द मी ऐकला नाही. गाडी तीच होती, गर्दी तीच होती, आणि ती दिवेलागणीला घरी पोचत होती. पण "कॉलेज" म्हणणारी मुलगी "आमचं कॉलेज" म्हणायला लागली होती.

आणि गंमत बघा, मुंबईची कॉलेजं सात दिवसांच्या शिबिरासाठी कुठं येतात? आमच्याच जिल्ह्यात. ती मुलं इथली नदी, डोंगर, तारपा, वारली चौक बघून भारावून जातात. आमच्या मुलांना हे सगळं अर्ध्या तासावर आहे, आणि आमची मुलं मुंबईच्या कॉलेजांकडे बघून उसासे टाकतात!

आता कुणी म्हणेल, "मॅडम, ज्यांना मुळातच कॉलेज आवडतं तीच मुलं थांबतात. तुम्ही उलटं सांगताय." आक्षेप रास्त आहे. काही मुलांच्या बाबतीत तसं असेलही. पण दहा गुणांसाठी आलेली, मैत्रिणीनं ओढून आणलेली, एकांकिकेत माणूस कमी पडला म्हणून उभी केलेली मुलं मी पाहिली आहेत. ती आवडीनं आली नव्हती. आवड कामातून आली. अलेक्झांडर अॅस्टिन या अमेरिकी अभ्यासकानं 1984 साली हाच विचार नीट मांडला. विद्यार्थी आपल्या शिक्षणात शरीराची आणि मनाची किती शक्ती घालतो, त्यावर त्याला काय मिळतं ते ठरतं, असं त्याचं म्हणणं. वसतिगृहात राहणारी, खेळात-मंडळांत असणारी, कॉलेजच्याच आवारात थोडंफार काम करून कमावणारी मुलं शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता कमी असते, हे त्याला दिसलं होतं. आपल्याकडे कमवा आणि शिका योजना आहेच. प्रश्न एवढाच की आमची बहुतेक मुलं वसतिगृहात नसतात, गाडीत असतात.

आपण भाताच्या मुलखातली माणसं आहोत, म्हणून तशाच भाषेत सांगते. राबातून उपटलेलं रोप खाचरात लावलं की पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. ते बघून कुणी शेतकरी जमीन वाईट म्हणत नाही. मूळ धरेपर्यंत तो वाट बघतो. पण मूळ कधी धरतं? चिखलणी नीट झाली असेल आणि रोप बोटभर आत गेलं असेल तर. वरवर खोचलेलं रोप पहिल्याच मोठ्या सरीला तरंगतं. आमची अप-डाऊन करणारी मुलं अशी तरंगणारी रोपं आहेत. सकाळी लावायची, दुपारी उपटायची, उद्या पुन्हा लावायची. आणि वर आपण विचारायचं, "का रे बाबा, हिरवा का होत नाहीस?" आणखी एक. रोप वेळेत लावावं लागतं. राबात जुनं झालेलं रोप लावलं तर जगतं, पण फुटवे कमी येतात. प्रथम वर्षाचे पहिले काही आठवडे हेच लावणीचे दिवस. तिसऱ्या वर्षी निरोप समारंभाला मुलांना स्टेजवर बोलावून काय उपयोग?

बोईसरची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती मला सांगायलाच हवी. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. पुढं एमआयडीसी वाढली आणि देशभरातून माणसं बोईसरला आली. त्यांची मुलं आज आमच्या वर्गांत आहेत. घरी भोजपुरी, उडिया, गुजराती. काही मुलं सकाळी कॉलेज करून दुपारच्या पाळीला कंपनीत उभी राहतात. त्यांना विचारलं, "तुझं गाव कुठलं?" तर ती हजार किलोमीटरवरचं नाव सांगतात. अशा मुलाला कॉलेजची जागा आवडते का, हा प्रश्न तरी कसा विचारणार? त्याच्या लेखी ही जागा कामापुरती असते.

असा एक मुलगा आमच्या पथनाट्यात आला होता. विषय होता 14 ऑगस्ट 1942. पालघरच्या हुतात्मा चौकावरून आपण रोज जातो. त्या दिवशी चले जाव चळवळीच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर, अशा पाच गावांचे ते पाच. संहिता वाचताना हा मुलगा सालवडपाशी थांबला. कारखान्यांच्या पाठीमागच्या ज्या चाळीत तो जन्मला, ती सालवडमध्ये. त्याला सालवड म्हणजे कंपनीचं फाटक आणि पाण्याचा टँकर एवढंच ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "मॅडम, हे आमचंच सालवड का?" "आमचंच" म्हणाला तो, श्रोतेहो. पुढची तालीम त्यानं पाळी बदलून घेऊन केली. लेक्चरमध्ये मी बेचाळीसची चळवळ शिकवली असती तर त्यानं ती परीक्षेपुरती लिहिली असती.

म्हणून पुन्हा सांगते, जागा आवडायला जागेत काहीतरी करावं लागतं. आता मी माझ्या खऱ्या मागणीकडे येते. प्राचार्य मंडळी ऐकत असतील तर त्यांनी जरा कान द्यावा.

आपण उपक्रम ठेवतो कधी? सगळी लेक्चरं संपल्यावर. यूथ फेस्टिव्हलची तालीम चार वाजता, वादविवाद मंडळ साडेतीनला, सूचना फलकावर लागते दुपारी, मुलं निघून गेल्यावर! म्हणजे उपक्रमांत कोण असतं? स्टेशनजवळ राहणारी, नाहीतर घरी बाइक असलेली मुलं. वाणगावची, केळवे रोडची, विक्रमगडहून एसटीनं येणारी मुलं बाहेरच. मग आपणच म्हणतो की ग्रामीण मुलांना उत्साह नाही. उत्साह आहे हो, गाडी नाही! ही मुलं घड्याळ बघून जगतात, आणि आपण उपक्रमांची वेळ त्यांच्या घड्याळाबाहेर ठेवतो.

माझी मागणी एका तासाची आहे. वेळापत्रकात दोन लेक्चर आधी, दोन नंतर, आणि मधला एक तास मोकळा. मोकळा म्हणजे कँटीनसाठी नाही. त्या तासाला सगळं कॉलेज कशात तरी असेल. कुणी कबड्डीला, कुणी सेवा योजनेत, कुणी भित्तिपत्रकाला, कुणी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला. नवीन शैक्षणिक धोरणात खेळ, सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक काम यांना श्रेयांक आहेत. ज्याला गुण आहेत ते वेळापत्रकाच्या बाहेर का? हा मधला तास म्हणजे आपली चिखलणी आहे. ती करून द्या, मूळ धरायचं काम मुलं करतील.

हा मधला तास उपक्रमांच्या यादीत घालून विसरू नका, अशी विनंती आहे. तो दिवसाच्या मधोमध पाहिजे. शेवटी ठेवलात की गाडी त्याला गिळते, सुरुवातीला ठेवलात की झोप गिळते.

पालकांनाही दोन शब्द. "लेक्चर झालं की सरळ घरी ये," हे आपण मुलींना सांगतो, मुलांना सांगत नाही. काळजी मला समजते. संध्याकाळी एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून पाड्यापर्यंत पोरीला एकटीला चालावं लागतं, हे मी पाहिलेलं आहे. तिथं नुसतं "कॉलेजात थांब" म्हणणं बेजबाबदारपणा होईल. मधला तास म्हणूनच हवा. तो कॉलेजच्या ठरलेल्या वेळेतच बसवला तर मुलीला घरी पोचायला एक मिनिटही उशीर होत नाही. मुलींच्या वसतिगृहांबद्दल आणि जव्हार-मोखाड्याकडच्या एसटीच्या वेळांबद्दल बोलायचं होतं, पण समोरचा काटा पुढं सरकला आहे. तो विषय मोठा आहे. पुन्हा बोलावलंत तर त्यावरच बोलेन.

एक मात्र नमूद करते, नाहीतर गैरसमज होईल. मुलं गुंतली की गाड्या वाढवायची गरज नाही, असं मी म्हणत नाही. गाड्या वाढल्याच पाहिजेत. पण कॉलेज इथं कशासाठी उभं राहिलं, तेही आठवा. ज्यांच्या नावानं पालघरचं कॉलेज आहे ते सोनोपंत दांडेकर इकडच्या माहीमचे. त्यांचं शिक्षण आणि प्राध्यापकी पुण्याला झाली, स. प. महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. त्यांच्या तरुणपणी इथल्या मुलाला पदवीसाठी गाव सोडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीस इथं कॉलेज उभं राहिलं, ते गाव न सोडता शिकता यावं म्हणून. त्या कॉलेजात येऊन आमचं मूल मनानं विरारलाच असेल तर...

हो, दोनच मिनिटं आहेत असं समोरून खुणावतायत.

मुलांनो, तुम्हाला थोडं रागावून सांगते. पहिल्या पंधरवड्यात एक काम निवडा, एकच. ते आवडलं नाही तर दिवाळीनंतर बदला. पण निवडल्याशिवाय कॉलेजच्या जागेला नावं ठेवू नका. आणि प्राध्यापक मित्रांनो, नव्या सत्राचं वेळापत्रक आता कच्चं तयार होत असेल. त्यात एका रंगानं मधला तास आखून घ्या, स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळा शेजारी लावून. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस करा, पण प्रथम वर्षापासून करा. सूचना आदल्या दिवशी सकाळी लावा आणि वर्गात वाचूनही दाखवा, कारण फलकाजवळ थांबायला या मुलांना वेळ नसतो.