टॉलरन्स आणि एप्सिलॉन
(आकुर्डीतल्या भाषणाचा मजकूर)



बी.एस्सी.ला गणित घेतलेली आपली पोरं एका ठिकाणी हमखास अडतात: एप्सिलॉन-डेल्टा. मग कुणीतरी ऐकवतं, हे तुमच्या डोक्यातलं काम नाही. साफ खोटं!

आकुर्डीत लेथवर उभं राहणाऱ्या बापाला विचारा. ड्रॉइंग सांगतं, जॉबच्या मापात ०.०२ मिलिमीटर फरक चालेल. हा एप्सिलॉन. त्यासाठी सेटिंगमध्ये किती फरक खपेल, ते कामगार ठरवतो. हा डेल्टा. समोरच्यानं टॉलरन्स कितीही आवळला तरी दर वेळी पुरेसा डेल्टा मिळतोच, हे सिद्ध झालं की फंक्शन तिथं कंटिन्युअस. मशीनची अचूकता कुठंतरी संपते. गणितात टॉलरन्स आवळतच जाता येतो. म्हणून तिथं माप पुरत नाही, सिद्धता लागते.

ही व्याख्या रुळवणारा कार्ल वायरस्ट्रास १८५६ साली बर्लिनला प्राध्यापक झाला. त्याआधी कित्येक वर्षं तो साधा शाळामास्तर होता.

सिद्धता आडनाव विचारत नाही. प्रवेश, फी, अभ्यासाची जागा, तिथं मात्र ते विचारलं जातं. तेव्हा जागेसाठी भांडा, आणि व्याख्याही सोडू नका. "सर म्हणतात म्हणून" हे आजपासून बंद. सरांकडंही सिद्धता मागा!