दिलेलें धन परत घेतां येतें काय ?

हुंडीच्या काळांतील पेढ्यांवर एक नियम कसोशीनें पाळला जाई. मुनिमाच्या हातून रोजकीर्दींत चूक झाली, तर ती खोडावयाची नाहीं. तिच्यापुढें उलट नोंद घालावयाची. रामाच्या नांवें पडलेली रक्कम गोविंदाच्या नांवें हवी होती, असें दुसऱ्या दिवशीं ध्यानांत आलें, तरी पहिली ओळ तशीच राही आणि दुसरी तिची भरपाई करी. शहाजोग हुंडीचे पैसे तर प्रतिष्ठित सावकारासच मिळत. कारण हुंडी खोटी निघाली तर ते कोणाकडून परत मागावयाचे, हें आधींच ठरलेलें असे. पैसा देण्याची वाट काढतांनाच तो परत घेण्याची वाटहि जुन्या व्यापाऱ्यांनीं आंखून ठेविली होती.

बिटकॉइनचा जन्म नेमक्या उलट विचारांतून झाला. सातोशी नाकामोतो या टोपण नांवानें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असा आक्षेप आहे कीं, मध्यस्थ पेढीला तंटे मिटविणें चुकत नाहीं. त्यामुळें कोणताच व्यवहार कायमचा होत नाहीं आणि त्याचा भुर्दंड विक्रेत्यास बसतो. म्हणून हें चलन असें रचलें गेलें कीं, ब्लॉकचेनमधील नोंद एकदां पक्की झाल्यावर ती फिरविणारा कोणी धनीच असूं नये. भलत्या पत्त्यावर गेलेलें नाणें, त्या पत्त्याची किल्ली ज्याच्याजवळ आहे, त्याच्याच इच्छेनें परत येऊं शकतें. सप्टेंबर २०२३ मध्यें पॅक्सॉस या कंपनीकडून एका लहानशा व्यवहाराचें शुल्क म्हणून सुमारें २० बिटकॉइन चुकीनें भरले गेले. तें शुल्क एफटूपूल या खाणसमूहाच्या हातीं पडलें, आणि त्यानें तें परत केलें. कोणत्याहि यंत्राच्या बळानें तें परत आलें नाहीं. समोरच्याची संमति होती म्हणून आलें.

परंतु पुष्कळ लोक आपली किल्ली स्वतःजवळ बाळगीत नाहींत. ते आपलीं नाणीं एक्स्चेंज किंवा तत्सम पेढीच्या स्वाधीन करतात. अशा एकाच पेढीच्या दोन खातेदारांमध्यें व्यवहार झाला, तर ब्लॉकचेनवर बहुधा कांहींच हालत नाहीं. पेढीच्या खतावणींत एकाच्या नांवें आणि दुसऱ्याच्या जमा, एवढेंच घडतें. येथें मुनिमाची उलट नोंद पुन्हा शक्य होते. मात्र नाणें पेढीच्या उंबरठ्यांतून बाहेर पडलें कीं ती सोय संपली. मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील ब्लॉकफाय या कंपनीनें कांहीं ग्राहकांस बक्षिसादाखल डॉलरशीं निगडित नाणीं द्यावयाचीं, तीं चुकीनें बिटकॉइन म्हणून जमा केलीं. जीं खात्यांतच होतीं तीं उलट नोंदीनें परत घेतां आलीं; परंतु ज्यांनीं तीं आधींच काढून नेलीं होतीं, त्यांच्यामागें मागण्या करीत फिरणें कंपनीच्या कपाळीं आलें.

आतां या पेढ्यांच्या दारीं एक नवा कारकून उभा राहिला आहे. त्याचें नांव एआय एजंट. धन्यानें साध्या भाषेंत सांगावें आणि त्यानें पेढीचीं साधनें वापरून काम उरकावें, अशी ही व्यवस्था आहे. पाठविण्याच्या साधनाबरोबर व्यवहार उलटविण्याचें साधनहि त्याच्या हातीं द्यावें काय, हा खरा प्रश्न आहे.

सोय उघड आहे. मध्यरात्रीं झालेली चूक यंत्र क्षणांत सुधारील. नाणें बाहेर जाण्यापूर्वीं धांवणें हेंच येथें सर्वांत मोलाचें. परंतु धोकाहि तितकाच उघड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें फ्रेसा नांवाच्या एजंटाचा एक जाहीर खेळ मांडला होता. कोणत्याहि परिस्थितींत खजिना द्यावयाचा नाहीं, अशी त्यास सक्त आज्ञा होती. ४८१ संदेशांना तो बधला नाहीं. ४८२ व्या संदेशानें त्याला पटविलें कीं, पैसे देण्याचें जें साधन आहे, तें वस्तुतः पैसे स्वीकारण्याचें आहे; आणि त्यानें सुमारें ४७ हजार डॉलरचें इथर देऊन टाकलें. शब्दांनीं ज्यास फसवितां येतें, त्याच्या हातीं परत घेण्याचें हत्यार दिलें, तर फसविणारा तेंहि वापरील. माल पोंचवून प्रामाणिकपणें दाम घेतलेल्या दुकानदाराचे पैसे, ‘चुकून गेले’ या एका थापेवर काढून घेतले जातील.

म्हणून असें साधन घडवितांना जुन्या पेढीची शिस्तच उपयोगी पडते. उलट नोंद मूळ नोंदीच्या क्रमांकाशीं बांधलेली असावी, म्हणजे नसलेला व्यवहार उलटवितां येणार नाहीं. तीच आज्ञा दोनदां आली तरी काम एकदांच व्हावें. नाहीं तर जाळ्यांतील अडथळ्यामुळें एजंटानें पुन्हा विचारलें कीं रक्कम दुप्पट परत जाईल. मूळ नोंद पुसली जाऊं नये. आज्ञा कोणाची, कारण काय, वेळ कोणती, हें लिहिलें जावें. मुख्य म्हणजे थांबविणें आणि काढून घेणें हीं दोन कामें निराळीं ठेवावीं. रक्कम थोडा वेळ गोठविण्याचा अधिकार एजंटास देणें एक वेळ चालेल. कारण त्यांतील चूक सुधारतां येते. काढून घेण्याचा निर्णय मात्र घेणाऱ्याचें म्हणणें ऐकून, जबाबदार माणसाच्या सहीनें व्हावा. आणि ही मर्यादा एजंटास सांगून भागणार नाहीं, ती पेढीच्या व्यवस्थेंतच बसविली पाहिजे. सांगितलेलें त्याला विसरावयास लावतां येतें. जी किल्ली त्याच्याजवळ नाहींच, ती त्याच्याकडून कोण हिरावून घेणार?

पैसा चुकीनें ज्याचा गेला, तो दुःखी आहे. न्यायानें आलेला पैसा ज्याच्या खात्यांतून नाहींसा झाला, तोहि दुःखीच. पहिल्याची आरोळी आधीं ऐकूं येते, कारण तक्रार तो करतो. दुसऱ्याला तर सकाळीं खातें उघडीपर्यंत पत्ताहि नसतो. त्या झोपलेल्या माणसाची बाजू जी पेढी सांभाळील, तिच्याच उलट नोंदीवर लोकांनीं विश्वास ठेवावा.